वाळल्या भाजीची मूठ

"पालेभाजी किती खाता?" डॉक्टरनं विचारलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डावा पाय पोटरीपासून सुजून कातडी नुसती चकाकायली होती, गावात प्यायचं पाणी टँकरचं, आणि हा बाबा पंख्याखाली बसून पालेभाजीची चौकशी करायलाय! मी म्हणलं, "साहेब, आमच्याकडं जनावराला हिरवी काडी न्हाई, माणसाला पालेभाजी कुठून आणू? थट्टा करायलात का?" त्यांनी गोळी लिहून दिली.

मी तेव्हा आमच्या गावातल्या बायकांच्या दूध संस्थेची सचिव होते. त्या साली गावातली सगळी जनावरं सिरसाळ्याच्या रस्त्यावरच्या चारा छावणीत होती, म्हणून संस्थेचं दूधही तिथंच गोळा व्हायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी पत्र्याखाली लोखंडी खुर्चीवर बसून. दूध घ्यायचं, फॅट काढायची, कुणाच्या म्हशीला पेंड कमी पडली त्याची भांडणं मिटवायची. पाणी मात्र प्यायचं नाही. लोकांना वाटायचं, बाई जनावरांसाठी पाणी राखते. कसलं राखणं! खरं कारण असं की आडोशाला जायला तिथं एक झुडूप शिल्लक नव्हतं आणि चहूकडं गडीमाणसं. आम्ही सगळ्याच बायका सकाळी तोंड ओलं करायचो आणि थेट घरी येऊन तांब्या तोंडाला लावायचो. पोटरी दुखायला लागली तेव्हा मला वाटलं लचक भरली असंल.

सासूबाईंनाही तसंच वाटलं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांनी करडीचं तेल कोमट केलं आणि पाय मांडीवर घेतला. हात लागला न लागला तोच मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली. आत्याबाईंना राग आला. "हातच लावू देत न्हाई, तर मी काय करू बाई!" म्हणून तेलाची वाटी घेऊन उठल्या. नशीब माझं, की मी ओरडले. परळीला गेल्यावर डॉक्टर पहिलं वाक्य हेच बोलले, की हा पाय कुणी चोळायचा नाही.

त्या साली ऊसच नव्हता, कारखान्याचा बॉयलर पेटला नाही, त्यामुळं आमचे मालक घरीच होते. त्यांनीच मला मोटरसायकलवर बसवून नेलं. सोनोग्राफी झाली. दिवसदिवस बसून आणि पाणी न पिऊन पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गाठ धरलीय, असं निघालं. गाठीचा तुकडा सुटून वर छातीत गेला तर, असं म्हणून डॉक्टर मालकांकडं बघून थांबले. त्यांनी पुढं बोलायची गरजच नव्हती. आधी पोटात इंजेक्शनं, मग रक्त पातळ करायच्या गोळ्या, पायाला घट्ट मोजा आणि सारखी सारखी रक्ताची तपासणी. रक्त फार घट्ट राहिलं तर गाठ वाढणार, फार पातळ झालं तर आतल्या आत रक्त वाहणार. म्हणजे इकडं आड, तिकडं विहीर. त्या सालात दोन्ही कोरडे होते ती गोष्ट वेगळी.

भीती काय असते ते मला तेव्हा कळलं. परळीकडच्या हवेत वीज केंद्राची राख असतीच, आमच्याकडं खोकत न्हाई असा माणूस दाखवा. पण मला एक ठसका लागला की वाटायचं, तो तुकडा सुटला. आला वर! गेला छातीत! मी छातीवर हात ठेवून श्वास ओढून बघायचे, पुरा येतो का. मालक म्हणायचे, "काय झालं?" मी म्हणायचे, "काय न्हाई, मेले का बघायले."

आणि तपासणी काही केल्या जागेवर येईना. एकदा बरोबर यायची, पुढच्या वेळी रक्त पुन्हा घट्ट. डॉक्टर गोळी वाढवायचे, तर मधेच दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. "गोळ्या चुकवता का?" डॉक्टर माझ्याकडं संशयानं बघायचे. मालकांनाही तेच वाटायला लागलं. मी गोळी घेताना समोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "जीभ दाखव." जीभ दाखव! संस्था चालवणाऱ्या बाईला! मी लई भांडले. पण भांडून झाल्यावर एकटीनं रडायचे. मला वाटायचं, ह्या अंगाला औषधच लागू न्हाई, आता आपलं काही खरं न्हाई.

एकदा आत्याबाई म्हणल्या, मला बी वैजनाथाला जायचंय, चला. दर्शन करून त्या आमच्यासोबत दवाखान्यात आल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. रक्त पुन्हा घट्टच निघालं होतं. डॉक्टरांनी पुन्हा पालेभाजीचं विचारलं आणि मी पुन्हा भडकले. ह्या खेपेला तेही हट्टाला पेटले.

"बरं, काल काय जेवलात?"

"भाकरी आन् आळण."

"कशाचं?"

"वाळल्या भाजीचं."

"कसली भाजी?"

"हरभऱ्याची. दुसरी कसली असती?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. ते शहरगावचे, त्यांना काय माहीत? आमच्याकडं हरभरा कोवळा असताना शेंडे खुडायचे, सावलीत वाळवून पिशवीत बांधून ठेवायचे. घरात काहीच नसलं की मूठभर कुस्करून टाकायचे पाण्यात, वर बेसन लावायचं, की झालं आळण. तिला कुणी पालेभाजी म्हणत न्हाई. भाजी नसताना जे खातात, ते हे. मी खोटं बोलले नव्हते.

"तपासणीच्या आदल्या दिवसांत जास्त खाता का?"

मी न्हाई म्हणणार होते. खालून आत्याबाई बोलल्या, "मीच देते की वाढून. नळीभर रक्त काढून घेतेत तिचं. भरून निघाया नको? एरवी पुरवून पुरवून घालते, पिशवी सरत आली."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पाला हिरवा असो का वाळलेला, त्यात रक्त घट्ट करणारा गुण असतो, आणि तो गोळीच्या उलटा चालतो. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. कधी कुणाला न घाबरणारी बाई, पण डॉक्टरांपुढं हात जोडले.

"साहेब, म्हंजी ही माझ्या हातानं मरायलती का?"

"नाही आजी," डॉक्टर लगेच म्हणाले. "आणि एकदम बंदही करू नका, नाहीतर रक्त उलट फार पातळ होईल. रोज द्या, पण रोज तेवढीच. मी गोळी त्यावर बसवतो."

आत्याबाईंनी मूठ वळून त्यांच्यापुढं धरली. "एवढी?"

"एवढी."

त्या दिवसापासून वाळल्या भाजीच्या पिशवीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा कायदा झाला. एकदा मी घातली, तर म्हणल्या, "तुझी मूठ हाय का म्हशीचं खूर? काढ बाहिर!" भिजलेली भाजी त्यांनी निथळून काढली आणि आपल्या मुठीनं पुन्हा घातली. त्या स्वतः चटणीभाकरी खायच्या, पिशवी मला पुरावी म्हणून. हळूहळू तपासणी जागेवर आली. पोटरी मऊ पडायला लागली. तरी ठसका लागला की माझा हात छातीवर जायचाच.

तेवढ्यात सिरसाळ्याहून फोन आला. आत्याबाईंचा सख्खा भाऊ गेला. पाठोपाठची भावंडं ती, त्यांचा लई जीव एकमेकांवर. त्या रडतच जीपमधी बसल्या. राख सावडेपर्यंत त्या तिकडंच राहणार, हे न सांगता ठरलेलं. आमच्यात बहीण तिसऱ्याच्या आत माघारी येत न्हाई.

दिवेलागणीला मी चुलीवर पाणी ठेवून पिशवी समोर घेऊन बसले होते. त्यांच्या मुठीएवढं म्हणजे किती, ते हातानं चाचपत होते. तेवढ्यात दारात आत्याबाई. केस ओले, डोळे सुजलेले.

मी रागावलेच. "आत्याबाई, कावून आलात? लोक काय म्हणतील? पाठचा भाऊ गेला, तिसऱ्यापर्यंत तरी थांबायचं!"

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. आत हात घातला, मूठ भरून काढली, उकळत्या पाण्यात कुस्करली.

"त्यो गेला," त्या म्हणल्या. "त्याला आता कायबी लागत न्हाई. तुला लागतंय."