डोंग्यातली पुढची जागा

आमच्या गावच्या तलावावर बाबांचा एक डोंगा होता, मोहाचं खोड कोरून केलेला. त्यात दोनच माणसं मावत. मागं बाबा बसत आणि पुढची जागा माझी. ती कुणी माझ्या नावावर करून दिलेली नव्हती, पण मिसरूड फुटल्यापासून मीच तिथं बसत आलो होतो. पुढं शेतीचं सारं माझ्या अंगावर आलं, तरी उन्हाळ्याच्या सकाळी मी त्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नसतं.

जाळं टाकून मासळी धरणं हे गावच्या ढिवरांचं काम. आम्ही शेतकरी गरी टाकायचो ती निव्वळ हौसेपायी. वैशाखात तलाव उतरला आणि वरचं पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट झालं, की मोठे रोहू गारव्यासाठी तळातल्या बुडालेल्या झाडांच्या खुंटांमध्ये जाऊन बसत. कणकेत मोहफुलं मळून गोळी करायची, ती गरीला लावून खुंटांच्या शेजारी सोडायची आणि वाट पाहायची. बाबांचा नियम एकच होता, डोंग्यात बोलायचं नाही. "मासा आयकते," एवढंच ते म्हणत. सबंध सकाळ आम्ही बापलेक तोंडातून अक्षर न काढता बसून राहायचो. मला त्याचा अभिमान होता. बाबांचं माझ्याशी जितकं जमतं तितकं कुणाशीच जमत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

देश स्वतंत्र झाल्यावर दोन-तीन वर्षांनी ताईचं लग्न झालं. भाऊजी रेल्वेत होते, तिकडं पूर्वेच्या समुद्रकाठी. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ते ताईला घेऊन आले, डोळ्यांवर काळा चष्मा आणि हातात चरखीची काठी. आमच्याकडं बांबूला दोरी बांधली की झालं. यांच्या काठीला पितळी चरखी होती, तिच्यावर गुंडाळलेली दोरी हवी तितकी सोडता यायची. साहेबलोकांबरोबर नावेतून किनारा दिसेनासा होईपर्यंत आत जायचं आणि माणसाएवढा मासा गरीला लागला की त्याला पळू द्यायचं, दमवायचं, मग ओढायचं. जेवताना भाऊजींचं हेच चालू. बाबांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. घास हातात धरून ते ऐकत बसले. माझं मन म्हणत होतं, तो समुद्र आटून जावो एकदाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांबू घेऊन निघालो, तर बाबा म्हणाले, "आज जवाईबापू बसतील डोंग्यात. तू पाळीवर राय."

पहिल्यांदा आलेल्या जावयाचं मन मोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती मलाही ठाऊक होती. मी मुकाट्यानं तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या उंचवट्यावर, जाऊन बसलो. आणि थोड्या वेळानं पाहतो तर काय, डोंग्यात बाबा बोलत होते! हात लांब करून काहीतरी दाखवत होते. हसतही होते. ते हसू पाण्यावरून थेट माझ्यापर्यंत आलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मासा ऐकतो ना? मग आता त्याचे कान गेले कुठं? भाऊजींच्या गरीला साधी चिंगळीसुद्धा लागू नये, अशी मी देवाची करुणा भाकली.

देवानं ऐकलं नाही. चार-पाच दिवसांनी भाऊजींची काठी अशी वाकली की पाळीवर मी उभाच राहिलो. भाऊजींनी समुद्रातल्या सवयीनं चरखी मोकळी सोडली. समुद्रात माशाला पळायला जागा असते, आमच्या तलावात खुंट असतात. रोहू सरळ खुंटांत शिरला आणि दोरी अडकून बसली. मी हातभर दोरी ढिली सोडली असती, तर बाबांनी बांबू पाठीत घातला असता. जावयाला मात्र "असू द्या जी" म्हणाले आणि मला हाक मारली.

मी कपड्यांनिशी पोहत गेलो. दोरी धरून बुडी मारली, खुंटांमध्ये चाचपत मासा शोधला, कल्ल्यात बोटं घालून त्याला सोडवला आणि वर आणला. मांडीएवढा रोहू होता.

"पाह्यलं? जवाईबापूनं केवढा मासा धरला!" बाबा मलाच म्हणाले.

जेवताना माशाचं मुंडकं मानाचं म्हणून भाऊजींच्या ताटात गेलं. ते बिचारे बाबांना म्हणाले, "मामाजी, हे साळ्याला द्या, त्यानंच काढला." चांगला माणूस होता, हीच तर पंचाईत होती. मी म्हटलं, मला मुंडकं आवडत नाही, आणि शेपटी चघळत बसलो.

भाऊजी आणि ताई गोंदियाहून गाडीत बसले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पुढच्या जागेवर बसलो. बाबा गप्प, मी गप्प. सगळं जिथल्या तिथं आलं होतं, पण आता ती शांतता मला सोसेना.

"बाबा," मी म्हटलं, "भाऊजींसंगं दिवसभर बोलून राहिले होते तुम्ही. माझ्यासंगं काऊन नाही बोलत?"

बाबांनी गरीवरची नजर काढली नाही. रागावलेही नाहीत. म्हणाले, "ते इचारतेत. हे झाड कोनतं, ते पाखरू कोनतं, मामाजी तुम्ही लहानपनी काय करत होते. तुनं कधी काही इचारलं का?"

मी आठवून पाहिलं. इतक्या उन्हाळ्यांत एकदाही विचारलं नव्हतं. मग आता तरी विचारू म्हणून मनात शोधत राहिलो, आणि शेवटी तोंडातून निघालं ते एवढंच:

"आखीन काय काय इचारत होते भाऊजी?"

बाबांचा चेहरा खुलला. बांबू आडवा ठेवून ते सांगायला लागले, एकेक प्रश्न आणि त्याला दिलेलं एकेक उत्तर. बाबांचं लहानपण मला कळलं ते असं, भाऊजींच्या वाटचं.