माझंच कात्रण

सरकारी नोकरीतली माझी एकोणीस वर्षं वर्तमानपत्रं कापण्यात गेली. ही तक्रार नाही. सावलीतलं काम होतं, पंखा डोक्यावर होता आणि कात्री सरकारची होती. माझी आई गावाकडे सांगताना ‘मुलगी दिल्लीत मंत्रालयात आहे’ एवढंच सांगायची, कात्रीचा विषय काढायची नाही.

मुंबई-पुण्याची मराठी वर्तमानपत्रं विमानानं यायची आणि त्याच दिवशी दुपारी माझ्या टेबलावर पोचायची. मजुरी, संप, मोर्चे, धरणी अशा बातम्या मी शोधून कापायच्या, अर्ध्या कागदावर डिंकानं चिकटवायच्या आणि खालचे छापील रकाने भरायचे. सारांश, दोन ओळींत. सूर: अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ. आणि शेवटचा रकाना, मत: वैयक्तिक की प्रातिनिधिक. म्हणजे बातमीत बोलणारा स्वतःपुरता बोलतोय, की त्याच्यासारख्या सगळ्यांच्या वतीनं. बातमीनं त्याला ‘त्रस्त नागरिक’ किंवा ‘संतप्त व्यापारी’ म्हटलं असेल तर प्रातिनिधिक, नुसतंच त्याचं नाव-गाव दिलं असेल तर वैयक्तिक. यावर साहेब लोक देशाचा कल ठरवायचे.

सुरुवातीला मी एकदा आमच्या सेक्शन ऑफिसरला म्हटलं होतं, की सर, हा मोर्चा माझ्या चुलतभावानं डोळ्यांनी पाहिलाय आणि छापलंय तसं काही झालं नव्हतं. ते चष्मा पुसत म्हणाले, “मॅडम, जो छपा है वो हमारा काम है. जो हुआ है वो किसी और सेक्शन का काम है.” ते मला पटलं. पुढे पुढे तर त्याचा अभिमानही वाटायला लागला. बातमीत स्वतःचं काही न मिसळणारी बाई अशी माझी ख्याती होती.

आम्ही आर. के. पुरममध्ये तळमजल्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मी, नवरा आणि दिल्लीतच वाढलेली दोन मुलं. सकाळी साडेसहाला भांडी आणि केरफरशीला एक बाई यायची, सेक्टरच्या मागच्या झोपड्यांमधून. आमच्याच ब्लॉकमधली पाच घरं तिच्याकडे होती. त्यातलं एक आमच्या बरोबर डोक्यावर, सोलापूरच्या वहिनींचं. त्यांचे यजमान कॉलनीच्या असोसिएशनचे सेक्रेटरी. दोन मराठी घरांत इतकी वर्षं काम करून बाईला ‘पोळी’ आणि ‘आवर लवकर’ एवढं मराठी येत होतं. बाकी सगळं हिंदीत.

तिचा नवरा पानिपतला होता. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की एकच गोष्ट आठवते, आणि तीही हरल्याची. तिच्यासाठी पानिपत म्हणजे चादरींचा कारखाना. नवरा तिथं मागावर कामाला होता, तिथंच मालकाच्या खोलीत इतर चौघांबरोबर राहायचा. त्याला सुट्टी फक्त रविवारी. हिला कधीच नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी तो गाडीनं दिल्लीला यायचा, बायको पाच घरांची भांडी आटोपून दोन वाजता परत येईपर्यंत झोपडीत बसून राहायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि तिनं पानिपत पाहिलं नव्हतं. दिवाळीला तिनं आम्हाला तिकडची एक चादर दिली होती, मोठ्या मोठ्या जांभळ्या फुलांची. कडेला विणकामात चूक होती म्हणून कारखान्यातून तिला मिळालेली. मी ती पाहुण्यांच्या गादीवर घालायचे, चूक भिंतीकडे करून.

त्या हिवाळ्यात तिनं मला विचारलं, “दीदी, इतवार को छुट्टी मिल सकती है? एक बार जाके देखना है, कहाँ काम करते हैं.”

मी म्हटलं, “देखेंगे.”

मला स्वतःला तेव्हा शनिवार-रविवार सुट्टी होती, शिवाय सणवार, शिवाय किरकोळ रजा, शिवाय वैद्यकीय. ‘देखेंगे’ म्हणताना यातलं काहीही माझ्या मनात आलं नाही. लाज वाटते, पण नाही आलं.

होळी झाल्यावर कामवाल्या बायका धरण्यावर बसल्या. सेक्टरच्या फाटकाजवळ, दुधाच्या बूथशेजारच्या गवतावर. पहिल्या दिवशी वीसेक, दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट-तिप्पट. मागणी एकच, रविवारची सुट्टी. दोन बांबूंना एक चादर बांधून त्यावर काळ्या रंगात लिहिलं होतं, ‘इतवार हमारा भी’. चादर जांभळ्या फुलांची होती. मी बसस्टॉपकडे जाताना ओळखली.

घरी नवऱ्यानं सिंकमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “चला, झालं आपलं पानिपत.” मग पेपर घेऊन बसला. मुलांना ‘खरकटं’ हा शब्द माहीत नव्हता, ती ‘जूठा’ म्हणायची. तीन दिवसांत दोघांचाही तो शब्द पक्का झाला. भांडी अर्थात मी घासत होते. ऑफिसच्या आधी आणि ऑफिसच्या नंतर. मी मनातल्या मनात बाईला काय काय बोलत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. डोक्यानं मी तिच्या बाजूची होते. कंबर मात्र दुसऱ्या पक्षात गेली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसमधून उतरले तर फाटकाशी कॅमेरा. तेव्हा चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या नुकत्याच आल्या होत्या आणि त्यांना चोवीस तास पुरतील एवढ्या बातम्या देशात होत नव्हत्या. एक तरुण वार्ताहर मुलगी ‘पब्लिक का मूड’ शोधत होती. गवतावरच्या बायकांशी ती बोलून झाली होती, पण कॅमेरावाला म्हणत होता की फुलांमुळे अक्षरं वाचता येत नाहीत. मग पब्लिक म्हणून तिनं मला पकडलं. हातात पर्स आणि पालकाची जुडी. पब्लिक अशीच असते.

मी चांगली पाच मिनिटं बोलले. म्हटलं, की यांची मागणी बिल्कुल बरोबर आहे. आम्हा सरकारी लोकांना आठवड्याला दोन सुट्ट्या, यांना एकही नको का? आपण यांच्या जिवावर ऑफिसला जातो. आणि मग म्हटलं, “दो दिन से बर्तन माँज रही हूँ, घर बिल्कुल ठप्प है, मेरी तो कमर टूट गई. तब समझ में आया कि ये लोग रोज़ कितना काम करते हैं.” बाई चार हातांवर उभी होती. ऐकत होती. मला वाटलं, छान बोललो आपण.

रात्रीच्या बातम्यांत मी साडेतीन सेकंद दिसले. घर बिल्कुल ठप्प है, मेरी तो कमर टूट गई. खाली पट्टी: ‘कामवालियों की मनमानी, गृहिणियाँ बेहाल’. सकाळी एका हिंदी वर्तमानपत्रात तेच वाक्य, माझ्या फोटोसह. पालकाची जुडी छान आली होती. वरच्या वहिनींच्या यजमानांनी ते कात्रण असोसिएशनच्या फलकावर चार टाचण्या मारून लावलं. कात्रण वाकडं कापलं होतं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलावर मुंबईचा पेपर आला. एवढ्या तातडीनं बातमी कशी गेली कोण जाणे, पण आपल्या लोकांवर दिल्लीत अन्याय झाला की आपली वर्तमानपत्रं जागी होतात. पान पाच, तळाला: ‘मोलकरणींच्या संपामुळे दिल्लीतील मराठी गृहिणींचे हाल’. मजकुरात मी होते. विषय आमच्या खात्याचा होता. म्हणजे कापणं आलं.

मी ते कापलं. सरळ कापलं, मला वाकडं कापता येत नाही. चिकटवलं. सारांश लिहिला: ‘सुट्टीच्या मागणीसाठी घरकाम करणाऱ्या महिलांच्या संपास गृहिणींचा तीव्र विरोध.’ सूर: प्रतिकूल. मग शेवटच्या रकान्याशी थांबले. बातमीतली बाई स्वतःपुरतीसुद्धा तसं बोलली नव्हती, हे मला आतून माहीत होतं, कारण ती बाई मी होते. पण ते दुसऱ्या सेक्शनचं काम. बातमीत ‘मराठी गृहिणी’ लिहिलं होतं. मी ‘प्रातिनिधिक’वर खूण केली आणि सही केली. त्या दिवशीच्या माझ्या सगळ्या कात्रणांत ते सर्वांत स्वच्छ होतं. कागद वर पाठवण्याआधी तो परत घेता आला असता. घेतला नाही. याचा मला आजही राग येतो, आणि तो वर्तमानपत्राचा नाही, माझाच.

त्या संध्याकाळी असोसिएशनची बैठक झाली. मी गेले नाही, भांडी होती. फलकाकडे बोट दाखवून सेक्रेटरी म्हणाले म्हणे, की लोकमत स्पष्ट आहे. ठराव झाला: रविवारच्या सुट्टीचा प्रश्न प्रत्येक घरानं आपापल्या सोयीनं पाहावा. म्हणजे ‘देखेंगे’च, फक्त शिक्का मारून. चौथ्या दिवशी बायका उठल्या. चादर कुणीतरी धुऊन झोपड्यांच्या दोरीवर टाकली. काळा रंग निघाला नव्हता.

शुक्रवारी साडेसहाला बाई आली. नमस्ते म्हणाली, भांड्यांना बसली. मी चहा ठेवला. तिच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

“टीवी पे जो दिखाया ना, मैंने सिर्फ़ उतना नहीं कहा था,” मी म्हटलं. “आगे-पीछे का सब काट दिया.”

“मालूम है दीदी. मैं वहीं तो खड़ी थी. पूरा सुना.”

“फिर?”

ती कढई घासत राहिली. मग म्हणाली, “कमर वाली बात आपने सबसे ज़ोर से कही थी.”

 ते खरं होतं. सुट्टीचं, हक्काचं मी नीट सांगितलं होतं, शाळेत निबंध वाचून दाखवावा तसं. कंबर मात्र मनापासून आली होती. त्या वार्ताहर मुलीनं खोटं काही दाखवलं नव्हतं. माझी आणि तिची कात्री एकाच दुकानातली होती.

“इस इतवार मत आना,” मी म्हटलं. “आगे भी किसी इतवार नहीं.”

“अच्छा,” ती म्हणाली. आनंद झाल्यासारखं काही दिसलं नाही. चहा पिताना म्हणाली, “बाकी चार घर तो हैं ना. आपके यहाँ नहीं आऊँगी तो चालीस मिनट बचेंगे. चालीस मिनट में पानीपत नहीं होता.”

रविवारी सकाळी मी माझी भांडी घासत उभी होते. नवऱ्यानं स्वतःचा कप स्वतः धुतला होता आणि तो मी पाहावा म्हणून समोर ठेवला होता. वरून आवाज येत होता. नळ, कढई, परात. माझ्या डोक्यावर ती सोलापूरच्या वहिनींची भांडी घासत होती. माझ्या घरची रविवारची सुट्टी मी दिली होती, आणि ती तिथं वर होती. दोन भांडी तशीच ठेवून मी हात पुसले आणि जिना चढले.

वहिनींनी बसा म्हटलं. मी दारातच उभी राहिले. स्वयंपाकघर तिथून सहा पावलांवर.

“वहिनी, रविवारी हिला सुट्टी देऊ या. पाचही घरांनी. मी बाकीच्या तिघींकडेही जाणार आहे.”

“अहो, पण तुम्हीच तर टीव्हीवर बोललात,” वहिनी म्हणाल्या. “आम्ही सगळ्या तुमच्याच मागे उभ्या राहिलो. पेपरातपण आलंय.”

“ते अर्धंच आलंय.”

“मग उरलेलं कुठे आलंय?”

 एकोणीस वर्षं मी हाच प्रश्न लोकांना विचारण्याची नोकरी केली होती.

आतला नळ बंद झाला.

मग मी हिंदीत बोलायला लागले. समोर मराठी बाई, मी मराठी, आणि मी मोठ्यानं हिंदीत. वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. मी म्हटलं, की हमको हफ़्ते में दो छुट्टी है और इसको एक भी नहीं, ये ग़लत है. इसका आदमी पानीपत में है और नौ साल में इसने पानीपत नहीं देखा. बर्तन मैं तीन दिन माँज चुकी हूँ, इतवार को और माँज लूँगी, मरूँगी नहीं. बोर्ड पे जो लगा है वो मेरी राय नहीं है, नीचे जाके मैं उसे निकाल दूँगी. आवाज जिन्यात घुमत होता. या वेळी कमरेचं नाव काढलं नाही.

वहिनी म्हणाल्या, “ह्यांना विचारून सांगते.”

खाली आले आणि फलकावरच्या चार टाचण्या काढल्या. कात्रण घडी करून पर्समध्ये टाकलं. फलकावर त्याच्या जागी काय लावावं ते सुचेना, म्हणून तसाच कोरा सोडला.

बाई जिना उतरून आली. ओले हात ओढणीला पुसत माझ्याजवळ थांबली, रिकाम्या फलकाकडे पाहिलं.

“आज अच्छा बोलीं दीदी,” ती म्हणाली. “आज कैमरा नहीं था.”

मग ती शेजारच्या जिन्यानं तिसऱ्या घरी भांडी घासायला गेली.