कार्पेटखालचं कार्पेट

एडिसन या अमेरिकन गावातल्या आमच्या घरमालकाने मला फसवलं. नवं कार्पेट घालून देतो म्हणाला आणि जुनं न काढता त्यावरच नवं अंथरलं.

माणूस आपलाच, मराठी, निवृत्त इंजिनिअर. सगळे त्याला काका म्हणतात, मीही म्हणायचो. मी नागपूरला कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलून वर आलेला माणूस. माल हाताने चाचपल्याशिवाय घेत नाही. भाड्यावरून दोन तास घासाघीस करून शेवटी नव्या कार्पेटवर सौदा मिटवला होता. राहायला आलो तेव्हा गुडघ्यावर बसून ते दाबून पाहिलं. बोटं रुतली.

“जाड आहे,” मी बायकोला म्हणालो. “काकांनी हात आखडला नाही.”

त्या हिवाळ्यात सहा वर्षांच्या मुलीची छाती घरघरू लागली. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डस्ट माइट्स. डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे. माणसाच्या अंगावरून झडलेल्या कातडीवर जगतात. गाद्या-उशांना चेनची कव्हरं घाला, चादरी दर आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात धुवा, जमलं तर कार्पेट काढा.

“कार्पेट नवं आहे,” मी ठासून सांगितलं.

झडलेली कातडी म्हटल्यावर मला घरातलं एकच माणूस दिसलं. आई सहा महिन्यांसाठी आली होती, नातीला कुशीत घेऊन झोपायची. हीटरच्या कोरड्या हवेने तिच्या पोटऱ्यांचा भुसा पडायचा. मी तिची कॉट हॉलमध्ये हलवली.

“मी काय कोंडा पाडत फिरते का रे घरभर?”

“पोरीला दम लागतोय आणि तुला मानापमान सुचतोय!” मी ओरडलो.

मग ती दिवसातून दोनदा अंगाला खोबरेल चोळू लागली. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची. नात मांडीवर यायला लागली की हात आडवा धरायची.

“बट व्हाय, आजी?”

“बाबांना विचार.”

दोन महिने आधीच परत गेली. विमानतळावर नातीचा पापा घेतला नाही; फक्त तिच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

आई गेली, घरघर राहिली. एका शनिवारी चिडून कपाटामागच्या कोपऱ्यात कटरने कार्पेट फाडलं. खाली दुसरं निघालं. तपकिरी, कुबट, कुणाच्या तरी कुत्र्याच्या केसांनी भरलेलं. मी तिथूनच फोन लावला.

“अरे, खालचं उचकटायला माणसं कटकट करतात,” काका हसत म्हणाला. “आणि जाड लागतंय म्हणून तूच खूश होतास ना? हवं तर भाड्यात थोडी सूट देतो.”

दोन्ही कार्पेटं मी त्याच दिवशी ओढून बाहेर टाकली. खाली जमिनीच्या नुसत्या लाकडी फळ्या उरल्या. त्या खोलीत पोरीचा श्वास हळूहळू मोकळा झाला. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “असू दे. माझी समजूत काढू नकोस. खोबरेलची बाटली राहिलीय तिथे, टाकून दे.”

बाटली अजून इथेच आहे.

तेव्हा काका, भाड्यातली सूट तुमच्याकडेच ठेवा. येत्या रविवारी माझ्याकडे या, त्या फळ्यांवर बसा, आणि फोनवर माझ्या आईला तुमच्या तोंडाने सांगा की नातीला त्रास कशाचा होता. माझ्यावर तिचा विश्वास नाही. किती वाजता येताय?