आमच्या सोसायटीची धूरपट्टी

घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, मग धूरपट्टी का नसावी? हा विचार जगात सर्वप्रथम मला सुचला. जागा: नेरुळमधल्या आमच्या सोसायटीची गच्ची. काळ: नव्वदीच्या दशकाचा मध्य. तेव्हा नवी मुंबईत सगळं नवं होतं, गाड्या तेवढ्या जुन्या होत्या. सरकारचा टॅक्स गाडीच्या किमतीवर, म्हणजे चकाचक गाडीला जास्त आणि खोकणाऱ्या डबड्याला कमी. त्यात डिझेल स्वस्त. लोक पेट्रोलची जुनी गाडी पावणे एमआयडीसीतल्या एखाद्या गॅरेजात नेत आणि तिच्या पोटात डिझेलचं इंजिन बसवून आणत. आमच्या कंपाउंडात अकरा गाड्या होत्या. सकाळी सगळ्या एकदम सुरू झाल्या की एवढा धूर व्हायचा की कावळे उडायचं सोडून जिन्याने गच्चीवर जायचे. हे वाक्य मिनिटबुकात लिहून घ्या, असा मी आग्रहही धरला होता.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. कायदा मीच लिहिला. गाडी चालू करायची, सायलेन्सरपाशी पांढरं फडकं धरायचं आणि साठ आकडे मोजायचे. फडकं पांढरं राहिलं तर पार्किंग फुकट, चहाच्या रंगाचं झालं तर नेहमीचा दर आणि काळं झालं तर दुप्पट. लोकांनी गाडी दुरुस्त करावी, नाहीतर पुढची घेताना धूर न ओकणारी घ्यावी, एवढाच हेतू. मीटिंगमध्ये मी असा बोललो की आता दिल्लीहून बोलावणं येतं की काय, असं मला स्वतःलाच वाटलं.

पहिला पाठिंबा दिला तळमजल्यावरच्या मुकादमांनी. हे साताऱ्याकडचे. वाशीच्या मार्केटात हमालांचे मुकादम, म्हणून आम्हीही त्यांना मुकादमच म्हणायचो. त्यांची गाडी डिझेल इंजिनवाली, आवाज थेट पिठाच्या गिरणीचा. कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की तीच गाडी निघायची, आणि मुकादम पैशाचं नाव काढू द्यायचे नाहीत.

"झकास, सेक्रेटरी!" ते म्हणाले. "माज्यापासनं सुरू करा."

तपासणी रविवारी होती. शनिवारी दुपारी सगळे झोपलेले असताना मी गुपचूप माझ्या गाडीची चाचणी घेतली. फडकं असं निघालं, जणू त्याने तवा पुसला होता. माझं इंजिन ऑइल पीत होतं हे मला ठाऊक होतं. पण ते उघडायचं म्हणजे गाडी महिनाभर गॅरेजात, आणि कायदा लिहिणाराच पहिल्या दिवशी नापास? मी स्वयंपाकघरातून भांडी घासायची तारेची घासणी घेतली, ती माझ्या एका मोज्यात भरली, मोजा ओला केला आणि सायलेन्सरच्या नळीत सारला.

रविवारी खजिनदाराने फडकं धरलं. अॅक्सिलरेटरवर पाय माझाच होता, आणि मी तो तान्ह्या बाळाच्या पोटावर ठेवावा तसा ठेवला होता. साठ झाले. फडकं जवळजवळ पांढरं! टाळ्या पडल्या.

"याला म्हणतात मेन्टेनन्स," मी म्हणालो.

मुकादमांचं फडकं काळंकुट्ट निघालं. कोणीतरी ओरडलं, "मुकादम, काजळाची सोय झाली वर्षाची!" सगळे हसले. मुकादम हसले नाहीत. त्यांनी ते फडकं उलटसुलट करून बघितलं, घडी घातली आणि घरी घेऊन गेले.

वर गेलो तर बायको विचारते, "माझी घासणी कुठेय?"

"कावळ्याने नेली असेल."

"जाताना मोजाही घालून गेला वाटतं. तुमचा एकच उरलाय."

पंधरा दिवसांनी मुकादमांची गाडी दिसेनाशी झाली. ते सायकलवर निघालेले दिसले तसा मी गेटपाशी त्यांना आडवा गेलो. "गाडी कुठंय?"

"इकली. तळवलीच्या एकाला."

"अहो, दुप्पट पार्किंगपायी कुणी गाडी विकतं का?"

"पार्किंगचं कोण बोलतंय, राव. पोरीला दम लागतोय, ठावं हाय न्हवं तुमाला? डॉक्टर इचारत हुतं, घराजवळ धूर असतोय का? म्या म्हनलं, न्हाय. मग त्ये फडकं बगितलं. आपुनच लेकीला धूर पाजतोय आन् वर न्हाय म्हनून सांगतोय." त्यांनी हात जोडले. "तुमच्यामुळं डोळं उघडलं बगा."

त्यांची गाडी धूर सोडायची, हे खोटं नव्हतं. पण ती उभी असायची गेटपाशी आणि पोरगी उठायच्या आत मार्केटला गेलेली असायची. त्यांच्या खिडकीखाली उभी असायची ती माझी गाडी. रोज सकाळी मी ती दहा मिनिटं चालू ठेवून गरम करायचो आणि सायलेन्सरचं तोंड त्या सहा वर्षांच्या पोरीच्या पलंगाकडे असायचं. आयुष्यात मी पोत्याने थापा मारल्या, खाडीतली मगर छत्रीने हाकलली इथपर्यंत. पण सगळ्यात मोठी थाप मारताना मी तोंडही उघडलं नव्हतं.

गाडी गेली तरी पोरीचा खोकला गेला नाही. मला तो तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा. कान झाकले तर जास्तच यायचा.

एका संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेलो. मुकादम मटार सोलत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. घासणी, मोजा, खिडकी, काही ठेवलं नाही.

मुकादमांनी माझ्याकडे बघितलं आणि हसत सुटले. "अगं ए, भाईर ये! सेक्रेटरींनी गाडीला मोजा घातलाय!"

वहिनी पदर तोंडाला लावून आल्या. "एकच? दुसऱ्या पायाला गारठा न्हाय वाजत व्हय तिच्या?"

"वहिनी, मी खरं सांगतोय."

"मगरीच्या येळंलाबी खरंच हुतं की," मुकादम म्हणाले. मग माझा हात धरून हळू आवाजात, "मोठं मन हाय तुमचं. मला वाईट वाटू नये म्हनून आपल्या अंगावर घेताय."

आत पोरीला ढास लागली. दोघंही आत गेले. मला तिथेच थांबायला हवं होतं. शपथ घेऊन, वाटल्यास बायकोला साक्षीला बोलावून सांगायला हवं होतं. मी जिना चढलो. खरं सांगायचं तर पहिल्या चार पायऱ्या मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते ती त्या चार पायऱ्यांची.

दुसऱ्या दिवसापासून मी खिडकीखाली गाडी चालू करणं बंद केलं. गेटपाशी मुकादमांची जागा रिकामी होती, पण तिथे गाडी लावायची माझी छाती झाली नाही. म्हणून मी हँडब्रेक सोडायचो आणि दाराला खांदा लावून, एका हाताने स्टिअरिंग धरून गाडी गेटाबाहेर ढकलायचो. मग रस्त्यावर चालू. इंजिनच्या कामाला मेकॅनिकने पुढच्या महिन्याची तारीख दिली होती.

मार्केट बंद असलेल्या एका दिवशी मुकादम खिडकीतून बघत होते. मी घामाघूम, गाडी जागची हलेना. ते बनियनवरच बाहेर आले.

"बॅटरी बसली व्हय?"

मी तोंड उघडलं. खिडकीत पोरगी उभी होती, गजांना धरून.

"हो," मी म्हणालो. "बॅटरीच."

हे मात्र त्यांनी लगेच खरं मानलं. त्यांनी आयुष्यभर पोती वाहिलेला खांदा डिकीला लावला आणि गाडी खेळण्यासारखी निघाली. "तुमी नुसतं स्टिअरिंग धरा, सेक्रेटरी," ते मागून म्हणाले. "जोर मी लावतो."