पिवळं कार्ड धरणारी माणसं

पुलाच्या कठड्याला एक कागद चिकटवलेला होता आणि दोन-तीन माणसं थांबून तो वाचत होती. कंडक्टरबाईंनी डबा या हातातून त्या हातात घेतला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि मागूनच वाचायला सुरुवात केली. कालव्यावरचा हा पायी जाण्याचा पूल पुढच्या महिन्यात पाडणार होते. नवा व्हायला वर्ष-दीड वर्ष लागेल, तोवर नागरिकांनी मोठ्या रस्त्यावरून जावं. इथवर ठीक होतं, म्हणजे ठीक नव्हतंच, पण कानावर आलेलं होतं. शेवटची ओळ मात्र त्यांनी दोनदा वाचली. ‘सदर निर्णयास प्रभागाच्या नागरिक गटाने सभेत सहमती दर्शवली आहे. विरोध : नाही.’

त्या गटात त्या स्वतः होत्या.

“काय बाई,” शेजारी उभा असलेला किराणावाला म्हणाला, “देऊन टाकलात ना पूल?”

“तुम्हीही होतात की सभेला.”

“होतो. पण मी काही हिरवं कार्ड धरलं नाही.”

“मग मी धरलं होतं?”

“ते तुमचं तुम्हाला ठाऊक.” एवढं बोलून तो चालू लागला. कागद वाचणाऱ्या दोघी बायका बाईंकडे वळून बघत राहिल्या. दोघी गल्लीतल्याच होत्या. एरवी त्यांनी बाईंच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली असती.

आई पुलापलीकडे राहायची, एकटी. गुडघे गेलेले, जिभेला मात्र काही झालेलं नव्हतं. मुलीकडे राहायला ये म्हटलं की ती म्हणे, “तुझ्या घरात मी पाय ठेवला की तुझा नवरा बाल्कनीत झोपायला जाईल.” बाईंची ड्यूटी संपली की त्या घरी येऊन डबा भरायच्या आणि पूल ओलांडून आईकडे न्यायच्या. पूल होता म्हणून हे जमत होतं. मोठ्या रस्त्याने जायचं तर आधी बस स्टँडपर्यंत उलटं चालायचं, तिथून दुसरी बस धरायची आणि पलीकडे उतरून पुन्हा चालायचं. दिवसभर बसमध्ये उभं राहिलेल्या बाईने हे रोज करायचं म्हणजे आठवड्यात पाय वर करायची वेळ. पूल गेला तर आईला घर सोडावं लागणार, आणि आई घर सोडणार नाही, हे दोन्ही त्यांना स्वच्छ दिसत होतं. या दोहोंच्या मध्ये काय होतं, ते दिसत नव्हतं.

बाईंची नोकरी शहर बसमध्ये कंडक्टरची. घंटीची दोरी हातात धरूनच अर्धं आयुष्य गेलेलं. त्यांची एक सवय सगळ्या डेपोला माहीत होती. थांबा आला की त्या एकदा विचारत, “उतरणारं कुणी?” कुणी उठलं नाही तर पार मागच्या सीटपर्यंत नजर टाकून पुन्हा विचारत, “आहे का कुणी उतरणारं?” आणि मगच डबल बेल देत. ड्रायव्हर वैतागायचा. “बाई, ज्याला उतरायचं तो उठेल ना! का मी एकेकाला हाताला धरून उतरवू?” बाई ऐकत नसत. पहिल्यांदा विचारल्यावर न उठणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. कुणी नवखं असतं, कुणाला शेजारच्याला सरका म्हणायला संकोच वाटतो, कुणी आपला थांबा हाच का या विचारात अडकलेलं असतं. घरीही ही सवय सुटली नव्हती. वाढून झालं की त्या विचारत, “जेवणारं कुणी?” आणि नवरा ताटावरूनच ओरडे, “आहे, आहे! बेल देऊ नकोस!”

नागरिक गटात त्यांचं नाव चिठ्ठीने आलं होतं. पालिकेने नवीन प्रयोग सुरू केला होता. प्रभागातल्या कामांविषयी आधी लोकांना विचारायचं, आणि नेहमीच्या पुढाऱ्यांना न विचारता चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या साध्या माणसांना विचारायचं. प्रयोगाची जबाबदारी एका तरुण अधिकारीबाईंकडे होती. त्या भराभर बोलत आणि बोलताना पेनाचं टोपण काढत-घालत. पहिल्या सभेत त्यांनी सगळ्यांना तीन कार्डं वाटली. हिरवं म्हणजे मान्य. लाल म्हणजे अमान्य, पण लाल धरणाऱ्याने उभं राहून, माइक हातात घेऊन कारण सांगायचं. पिवळं म्हणजे अजून माहिती हवी.

मग इंजिनिअरने पडद्यावर चित्रं दाखवली. खांब, तुळया, बाण, इंग्रजी अक्षरं. शेवटी कार्डं वर करायला सांगितलं, तेव्हा हॉल जवळजवळ सगळा पिवळा झाला.

बाईंचंही पिवळंच होतं. खरं सांगायचं तर त्यांना माहिती बिहिती काही नको होती. त्यांना नको म्हणायचं होतं. पण समोर पालिकेचे चार लोक चांगल्या शब्दांत बोलताहेत, पाणी विचारताहेत, खुर्ची पुढे करताहेत, त्यांच्या तोंडावर उभं राहून ‘नको’ म्हणायला जीभ उचलेना. गल्लीत नकार द्यायची एक रीत होती. ‘बघू’, ‘घरी विचारते’, ‘सांगते नंतर’. ऐकणारा समजायचं ते समजायचा आणि पुन्हा विषय काढायचा नाही. पिवळं कार्ड त्यांना तसंच वाटलं. बाकीच्यांनाही तसंच वाटलं असणार. सभा संपल्यावर जिन्यात सगळे एकमेकांना म्हणत होते, “बरं झालं, सांगितलं एकदाचं.”

“आणि आता कागदावर काय आलं?” आईने विचारलं. डब्याचं झाकण तिने अजून उघडलं नव्हतं.

“सहमती.”

“छान. दिवसभर लोकांना पुढे सरका, पुढे सरका करून ओरडतेस. तिथे काय तोंडात बोळा घातला होता?”

“आई, जेव.”

“जेवते. पुढच्या महिन्यापासून उपासच आहेत म्हणा.”

परतताना बाई पुलावरून मान खाली घालून चालल्या. गल्लीच्या तोंडाशी चार माणसं बोलत उभी होती. त्या जवळ आल्या तशी ती गप्प झाली. विषय आपलाच असेल असं नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण घरी येईपर्यंत कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून त्या विभाग कार्यालयात गेल्या. अधिकारीबाईंच्या टेबलावर फायलींच्या मागे एक चहाचा कप कोरडा पडला होता.

“मॅडम, आम्ही कुणी हो म्हटलं नव्हतं.”

“पण लाल एकही नव्हतं.”

“पिवळं किती होतं!”

“पिवळ्यांना माहिती हवी होती. आम्ही माहितीपत्रक घरोघरी पाठवलं. त्यानंतर कुणाची शंका आली नाही. मग कार्यालयाने ती सहमती धरली. पद्धतच तशी आहे.”

“आमचं पिवळं म्हणजे नाहीच होतं, मॅडम.”

अधिकारीबाईंनी टोपण घातलं, काढलं. “कंडक्टरबाई, आधी दोनच कार्डं होती. हिरवं आणि लाल. लोक लाल धरायला घाबरतील म्हणून पिवळं मी घातलं. मी भांडून घातलं.” त्यांचा आवाज जरा उतरला. “शनिवारी सभा आहे. खरं म्हणजे फक्त कामाची तारीख कळवायची आहे. पण गटातल्या निम्म्या लोकांनी त्याच सभेत फेरविचार मागितला तर मला विषय परत उघडता येतो. तोंडी चालेल. पण त्यांनी स्वतः मागायला हवा. त्यांच्या वतीने तुम्ही नाही.”

निम्मे लोक. बाईंनी तीन संध्याकाळी दारं वाजवली. शिंपीकाकांनी टेप गळ्यात तशीच ठेवून सांगितलं, “तुम्ही बोला हो, आम्ही आहोत मागे.” शाळेतल्या शिपाईमामांनी सांगितलं, “बोला बिनधास्त, मागे आम्ही आहोतच.” किराणावाला वजन करता करता म्हणाला, “मी तर पहिल्यापासून विरोधातच आहे. पण माझं दुकानाचं लायसन्स त्यांच्याच हातात. तुमचं बरं आहे, नोकरदार माणूस.”

“म्हणजे तुम्हीही मागे?”

“मागेच की. पण अगदी खंबीर.”

“सगळे मागे उभे राहिले तर पुढे कोण दिसणार त्यांना?” नवरा रात्री जेवताना म्हणाला. बाईंचा घास तोंडातच फिरत राहिला. नवऱ्याने ते पाहिलं आणि पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

शनिवारी हॉलमध्ये पंखे फिरत होते. इंजिनिअरने तारीख वाचून दाखवली. अधिकारीबाईंनी विचारलं, “कुणाला काही म्हणायचंय?” विचारून झाल्यावर त्या थांबल्या. जरा जास्तच थांबल्या आणि बाईंकडे बघितलं. बाई उठल्या. माइक हातात आला तेव्हा तो अपेक्षेपेक्षा जड निघाला.

“मी,” त्या म्हणाल्या आणि माइक किंचाळला. कुणीतरी हसलं. तयार केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. “मागच्या वेळी माझं पिवळं होतं. मला नको म्हणायचं होतं. तोंडावर म्हणवलं नाही म्हणून पिवळं धरलं. माझ्यासारखं आणखी कुणी आहे का?”

कुणी हललं नाही. शिंपीकाका बुटांकडे बघत होते. शिपाईमामांना एकाएकी पंख्यात फार रस निर्माण झाला होता. बाईंना वाटलं, झालं, आता ही सगळी गल्ली म्हणणार की पुलासाठी हिने आणखी एकदा आपली शोभा करून घेतली. इंजिनिअरने कागद गोळा करायला घेतले.

बाईंनी नजर पार मागच्या रांगेपर्यंत नेली. तोंडातून आपोआपच तो रोजचा आवाज निघाला, भरल्या बसमध्ये शेवटपर्यंत पोचणारा. “आहे का कुणी?”

मागच्या रांगेत खुर्ची करकरली. किराणावाला अर्धवट उठला होता, धड बसलेला नाही, धड उभा नाही. “आहे,” तो म्हणाला. मग घसा खाकरून, “फेरविचार पाहिजे. लायसन्सचं बघू.” या वेळी हॉल मोकळेपणाने हसला, आणि त्या हसण्याच्या आडोशाने शिंपीकाकांचा हात वर गेला, शिपाईमामांचा गेला, कोपऱ्यात बसलेल्या एका नर्सचा गेला, पुढे ज्यांची नावंही बाईंना ठाऊक नव्हती त्यांचे गेले. अधिकारीबाई मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी माइक बंद केला आणि सगळ्यांना खुर्च्या ओढून गोल बसायला सांगितलं.

“आता एकेकाला विचारते. पिवळं का धरलं?”

मग दोन तास ते चाललं. कुणाची मुलगी पलीकडच्या शाळेत, कुणाचं दुकान पलीकडच्या गिऱ्हाइकांवर. बाईंनी आईचं सांगितलं. शेवटी शिपाईमामांनी इंजिनिअरला विचारलं, “पण साहेब, एवढी घाई का? नवा आधी बांधा, मग जुना पाडा.”

“मी मागच्या वेळी दाखवलं होतं,” इंजिनिअर म्हणाला.

“ते बाण ना? ते काही डोक्यात शिरलं नाही. साधं सांगा.”

इंजिनिअरने क्षणभर विचार केला. “मधला खांब पाण्याखाली गंजलाय. आतून खाल्लाय. उद्या पडेल असं मी म्हणत नाही. पडणार नाही असंही लिहून देणार नाही.”

बाईंच्या मनात एकच आलं, की रोज संध्याकाळी आपण डबा घेऊन त्याच्यावरून जातो.

ठरलं ते असं : शेजारी लोखंडी तात्पुरती वाट टाकता येते का ते महिनाभरात तपासायचं. ती होईपर्यंत पाडकाम थांबवायचं. तोवर पुलावर एका वेळी पाचच माणसं. इंजिनिअरला हे पसंत नव्हतं आणि त्याने ते बोलूनही दाखवलं. पुढची सभा पुलाच्या तोंडाशीच, संध्याकाळी, लोक कामावरून परतताना. आजच्या या ठरावाला मात्र कार्डं नव्हती. अधिकारीबाईंनी प्रत्येकाला नाव घेऊन विचारलं, मान्य आहे का. बाईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, “हो.” हा शब्द तोंडातून बाहेर पडताना त्यांना ‘नको’पेक्षा जड गेला.

“जिंकलीस म्हणे,” आई त्या संध्याकाळी म्हणाली. बातमी डब्याच्या आधी पोचली होती.

“माहीत नाही.”

“म्हणजे?”

“काही झालं तर आता आमच्यावर आहे. आधी त्यांच्यावर होतं.”

आईने डबा उघडला आणि वास घेतला. मग म्हणाली, “उद्यापासून एक दिवसाआड आण. एवढं काही मरत नाही मी.”

“रोज आणणार.”

परत निघाल्या तेव्हा कठड्यावरचा जुना कागद गेला होता आणि तिथे पाच माणसांची पाटी लागली होती. पुलाच्या तोंडाशी लोक घोळक्याने थांबले होते. पाटी वाचली सगळ्यांनी होती, पण कुणी कुणाला थांबवत नव्हतं. एक बाई मुलाला कडेवर घेऊन पुढे निघाली, तिच्यामागे सायकल ढकलणारे दोघे, त्यांच्यामागे आणखी. कंडक्टरबाईंनी पाय पुलावर टाकला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तळव्याखालून बारीक थरथर जाणवली. ती आधीही असणार. त्यांनी पाय मागे घेतला.

मग त्या आडव्या उभ्या राहिल्या, सायकलवाल्यांना हाताने अडवलं आणि पलीकडच्या टोकाकडे बघून ओरडल्या, “येणारं कुणी?”

उत्तर आलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “अहो बाई, चला ना, मोकळा आहे.”

“थांबा,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा विचारलं.