मी म्हटलं ‘ओढ’

भावजींची एकुलती एक फिल्म मी बुडवली.
खरोखरच बुडवली. पाण्यात.

भावजी परवा तंजावरात वारले, तेव्हा हे आता लिहूनच टाकते. त्यांच्यासमोर कधी धड बोलता आलं नाही.

भावजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. नोकरी कॉलेजच्या लॅबमध्ये, डोक्यात चोवीस तास सिनेमा. त्यांना आमच्या तंजावरी मराठीत एक छोटी फिल्म करायची होती. कालव्याच्या काठाने एक बाई चालते आणि स्वतःशीच बोलते. बस्स, एवढीच गोष्ट.

बाई कोण? अक्का. दुसरी कोण मिळणार होती!

“बघणार कोण भावजी? अमचे लोक असून असून किती?”
“कोणी न बघो गे. अमची भाषा कुठें तरी राहूं दे.”

नव्वदच्या दशकातली गोष्ट. घरोघरी केबल आली होती आणि गच्च्यांवरच्या अँटेना उतरत होत्या. लोक भंगारात टाकत, भावजी मागून आणत. त्या अँटेनांच्या पाइपांचे त्यांनी ट्रॉलीसाठी रूळ केले.

कॅमेरा खांद्यावर घेऊन चाललं की चित्र हलतं. “चित्र हाललां कीं बाई खोटी दिसते,” म्हणायचे. म्हणून ट्रॉली. विकतची आणणं आमच्या सात पिढ्यांना जमलं नसतं.

चाकं कुमारने करून दिली. कुमार म्हणजे शेजारचा लेथवाला, तमिळ माणूस, भावजींचा जिवलग. राइस मिलच्या जुन्या बेअरिंग घासून घासून त्याने आठ चाकं बसवली. आणि वरची बैठक म्हणून भावजींनी चक्क लग्नातला पाट उचलला.

“पाट घेऊन गेलांत, आतां मी जेवायास कशावर बसूं?” अक्का ओरडली.
“फिल्म होऊं दे, तुला डायनिंग टेबल घेतों.”

गच्चीवर महिनाभर तालीम केली. भावजी पाटावर, हातात कॅमेरा म्हणून पाण्याने भरलेला पितळी डबा. दोरी माझ्या हातात. ते म्हणायचे “ओढ”, मी ओढायची. ट्रॉली अशी सरकायची की डब्यातलं पाणी हलत नसे. अक्का बघायची आणि हसायची.

आडी म्हणजे तमिळ आषाढ, त्या महिन्यात लग्नं नसतात. एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याचा कॅमेरा रिकामा होता, तो त्याने एका दिवसासाठी दिला.
तिरुवैयारुजवळचा कालवा, नवं पाणी आलेलं, काठोकाठ.

सकाळी अक्काचं बसून बोलणं घेतलं. काय बोलली! आमच्या आजीच्या काळचे शब्द, जे मी विसरूनही गेले होते. भावजींच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुपारी चालण्याचा शॉट. काठावरची माती ओली, ट्रॉली जड झाली. मला ओढवेना. कुमार म्हणाला, मी ओढतो. दोरी त्याच्याकडे गेली. ठरलं असं की भावजींनी बोट वर करायचं आणि मी हाक द्यायची.

बोट वर झालं.
मी जोरात म्हटलं, “ओढ!”

तमिळमध्ये ‘ओडु’ म्हणजे पळ.
आणि आमच्या तोंडी ‘ढ’चा ‘ड’ कधी होतो ते आमचं आम्हाला कळत नाही.

कुमार पळाला. दोरी खांद्यावर टाकून जीव खाऊन पळाला. रुळाच्या पहिल्याच जोडावर चाक उडालं. पाट, भावजी, कॅमेरा, सगळं कालव्यात.

कुमार दोरी हातात धरूनच परत आला. “नींगदानेमा ‘ओडु’न्नु सोन्नींग,” एवढंच म्हणत राहिला. तुम्हीच पळ म्हणालात.
खरंच होतं त्याचं.

भावजी कंबरभर पाण्यात, कॅमेरा डोक्यावर धरून उभे. त्यातून पाणी गळत होतं. मी रडायला लागले तर वर बघून म्हणाले,
“तुझी चूक नव्हे. शब्द बरोबरच सांगितलास गे.”

तीस वर्षं ते वाक्य माझ्या उरावर आहे. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर तंजावरात भावजींना कुणी कॅमेरा हातात दिला नाही.
दोन वर्षांत अक्का कॅन्सरने गेली.

तिचा आवाज फक्त कॅमेऱ्यातल्या त्या भिजलेल्या कॅसेटवर होता. भावजींनी ती उन्हात वाळवली, तांदळाच्या डब्यात ठेवली, पण लावून कधी बघितली नाही. गेल्या वर्षी मी पुण्याहून गेले तेव्हा माझ्या हातात दिली. “पुण्यांत कोणी करील कीं बघ.” तीन दुकानं फिरले. तिन्हीकडे एकच उत्तर. टेप चिकटलीय मॅडम, यात काही राहिलेलं नाही.

मी भावजींना फोनवर म्हटलं, काम चालू आहे.
ते शेवटपर्यंत वाट बघत होते.

परवा मी पोहोचले तेव्हा भावजींना दवाखान्यातून दारापर्यंत आणलं होतं, आणि त्यांना ठेवायची बर्फाची पेटीही आली होती. जड. बोळातून आत जाईना. कुमार, आता पांढऱ्या केसांचा, मागच्या पडवीत गेला आणि ट्रॉली घेऊन आला. तोच पाट, तीच चाकं. तेल घातलं, फिरली.

भावजींना पेटीत ठेवलं, पेटी ट्रॉलीवर. कुमारने दोरी धरली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. इतक्या वर्षांनीही हाक मीच द्यायची होती.

शब्द ओठांवर आला होता. त्या घरात आमची भाषा बोलणारी आता मी एकटीच उरले होते.

मी म्हटलं, “इळु, कुमार. मेदुवा इळु.”
तमिळमध्ये. हळू ओढ म्हणून.

पेटी जराही न हलता आत गेली.

भावजी, कॅसेटचं मी खोटं सांगितलं. माफ करा.
सावकाश जा.

तुमची मेहुणी