फोटोभाऊंची बोहनी

मेलेल्या माणसाला कोट घालावा तर तो फोटोभाऊंनीच. आमच्या बाजूला, भंडाऱ्याकडच्या कोंढा-अड्याळच्या पट्ट्यात, घरातलं कुणी गेलं की मग लक्षात यायचं, याचा एकट्याचा फोटो कुठेच नाही. असला तर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात, मागच्या रांगेत, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या फेट्याआड. तो घोळका घेऊन लोक भाऊंकडे यायचे. भाऊ कॉम्प्युटरवर त्यातून तेवढं डोकं उचलायचे, पुसायचे, उजळायचे, नसलेला कान दुसऱ्या कानावरून तयार करायचे आणि खाली कोट बसवायचे. बाकी गावात काळा किंवा तपकिरी. आमच्या, विहाराकडच्या मोहल्ल्यात निळा. कुणाला विचारावं लागत नसे. माझा बाप जन्मभर बनियन आणि दुपट्ट्यावर राहिला, पण पुण्यानुमोदनाच्या दिवशी भिंतीवर तो निळ्या कोटात आला. माय त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "साहेब दिसते ना वो."

तो फोटो आणायला मी गेले आणि तिथलीच झाले. नववीत माझी शाळा सुटली होती. दारात उभी राहून मी भाऊंचा हात माऊसवर कसा फिरतो ते पाहत होते. त्यांनी मान न वळवता पायानेच एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. "उभी राहून पाय दुखतीन. बसून पाह्य." पुढची तीन-चार वर्षं मी त्या स्टुलावर बसून पाहत होते. आज तमिळनाडूत, होसूरच्या एका खोलीत, जिथे माझी भाषा नवरा आणि पोर सोडून कुणाला कळत नाही, मी जे काही कमावते ते त्या स्टुलावरचं आहे. भाऊंचं खरं नाव मात्र लिहीत नाही. त्यांनीच नको म्हटलं. का, ते पुढे कळेल.

भाऊंना सिकल होता. रक्ताचा आजार, जन्मापासूनचा. गारठा लागला किंवा अंग दमलं की हाडांतून कळा निघायच्या आणि मग आठ-आठ दिवस अंथरूण. आमच्या गावात असा माणूस करणार काय? धानाच्या रोवण्याच्या दिवसांत सारा मोहल्ला गुडघाभर पाण्यात, बांधीत, आणि भाऊ स्वेटर घालून खोलीत. येणारेजाणारे खिडकीतून म्हणायचे, "भाऊ, तुमचं बरं हाये बाप्पा, पाय कोरडे." भाऊ म्हणायचे, "हाव ना. तुमी चिखलात, मी साहेबात." लोक हसत पुढे जायचे. त्यांची बोटं तेव्हा सुजलेली असायची, ते मला स्टुलावरून दिसायचं.

गावातली माणसं मरून मरून किती मरणार? म्हणून भाऊंनी जगाच्या बाजारात दुकान मांडलं होतं. इंटरनेटवर एक साइट होती. तिथे कुठल्याही देशातला माणूस येतो, लहानसं काम सांगतो, पैसे साइटकडे ठेवतो आणि काम आवडलं की तारे देतो. भाऊ तिला साइट म्हणत नसत, बजारच म्हणायचे. आणि त्या बाजारात ते एकच वस्तू विकायचे: जुना, फाटलेला, पाणी लागलेला फोटो नीट करून देणे. लग्नपत्रिका करता येत होत्या, बॅनर येत होते, व्हिडिओ येत होते. मी एकदा म्हटलं, तेही लिहा ना. तर म्हणाले, "सगळंच करतो म्हनू नोको. अड्याळच्या बजारात वांग्याच्या ढिगाजवळ चपला मांडल्या त वांगे कोन घेइल?"

बाजाराचं शहाणपण त्यांना फुकट आलेलं नव्हतं. सुरुवातीच्या दिवसांत समुद्रापलीकडच्या एका बाईने आजोबांचा फोटो पाठवला. मासे धरणारा माणूस, उघड्या गळ्याचा जाड सदरा, दाढी वाढलेली. भाऊंनी दोन दिवस खपून डाग काढले, डोळे उजळले आणि शेवटी, मायेने, कोट घातला. टायसकट. बाईने एक तारा दिला आणि खाली लिहिलं, हा माझा आजोबा नाही. भाऊ ते वाक्य सगळ्यांना सांगून हसायचे, पण मला शिकवताना हसत नसत. "जे मांगितलं तेच द्याचं. आपला मान त्याईच्या आजोबाले लावू नोको. आधी विचाराचं, काय काढू, काय ठेवू. विचारल्यानं कोनी लहान होत नाही."

काम दोन दिवसांचं असलं तर ते गिऱ्हाइकाला पाच दिवस सांगायचे. मला वाटायचं, लबाडी आहे. ती त्यांची कळांसाठी राखलेली जागा होती. दुखणं आलं नाही तर काम लवकर जायचं आणि गिऱ्हाईक खूश. आलं तर पाचव्या दिवशी जायचं, पण जायचं. मला म्हणायचे, "तुले सिकल नाही, पन तुले घर हाये. घर बी कवाही दुखते. तू बी पाचच सांग." लग्नानंतर, पोर झाल्यावर, हे वाक्य मला रोज कळत गेलं.

इंग्रजीची माझी भीती त्यांनी एका दुपारी अर्धी केली. एका गिऱ्हाइकाला उत्तर लिहिताना मी भलंमोठं वाक्य जुळवत बसले होते आणि रडायला आले होते. भाऊंनी ते पुसलं. "इंग्रजी कमी असली त वाक्य लहान कराचं. फोटो मिळाला. काम सुरू हाये. शुक्रवारी देतो. यात रडाचं काय हाये?" आजही मी तसंच लिहिते. एका गिऱ्हाइकाने तर मला कळवलं होतं, तुमचं लिहिणं फार स्पष्ट आहे. मी ते भाऊंना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याले सांगू नोको, आपल्याले येतेच तेवढं."

पण सगळ्यांत कडक धडा ताऱ्यांचा होता. "तारा मांगाचा नाही. गिऱ्हाइकाले म्हनाचं नाही, ओळखीच्याले म्हनाचं नाही, घरच्याले त अजिबात नाही. बजारवाल्याले सगळं दिसते, कोन कोठून आला, कोनाच्या वायफायवरून आला. एकदा त्याईले वाटलं का हे घरचेच लोक तारे देऊन राहिले, त मंग खेल खतम." हे सांगताना ते खुर्ची माझ्याकडे वळवायचे. बाकी कुठल्याच गोष्टीसाठी ते खुर्ची वळवत नसत.

लग्न होऊन मी होसूरला आले, नवरा इथे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. जुना लॅपटॉप घेतला, भाऊंनी फोनवरून दुकान मांडून दिलं. माझा जीव मुळात घाबरट. दोन दिवस कुणी काही विचारलं नाही की मी दुकानाचं पान दहादा उघडून पाहायचे. फोन करायचे, "भाऊ, माझं काही चुकलं असंल का?" पलीकडून उत्तर ठरलेलं, "दुकान उघडं ठेव, आन भात लाव." मी खरंच भात लावायचे. पुष्कळदा शिट्टी होईपर्यंत कुणीतरी आलेलं असायचं.

मागच्या पावसाळ्यात भाऊंना दुखणं आलं ते पाच दिवसांत आटोपणारं नव्हतं. भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. हातातली कामं राहिली. त्यांचं खातं मी उघडून ती करावीत तर तेही नियमात बसत नव्हतं. तिथे चेहरा दाखवूनच आत जावं लागतं. गिऱ्हाइकांनी कामं परत घेतली, कुणी एक तारा दिला, कुणी दोन. भाऊ घरी आले तेव्हा दुकान यादीत इतकं खाली गेलं होतं की कुणाला दिसेना. कितीतरी दिवस एकही विचारणा नाही. मी फोन केला तर म्हणाले, "उघडं हाये दुकान. बसू हळूहळू वर."

ते बसले असते. पण त्यांच्या मायने विहारात बायकांना सांगितलं, पोराचं दुकान बसलं.

आता आमच्या गावात कुणी किराणा टाकला, पानठेला टाकला, की पहिल्या दिवशी सगळा मोहल्ला जातो आणि काहीतरी घेतोच. काडीपेटी घेतील, पण घेतील. बोहनी म्हणतात तिला. ती केली नाही तर माणूस परका. आणि भाऊंनी तर ज्याच्या-त्याच्या बापाला कोट घातलेला. पोरांनी ठरवलं, भाऊची बोहनी करायची. विहारातल्या वायफायवर बसून सगळ्यांनी मोबाईलवर खाती उघडली आणि भाऊंच्या दुकानातलं सगळ्यांत लहान काम मागवलं: फोटोवरचा एक डाग काढून देणे. कुणी नव्या गाडीचा फोटो पाठवला, कुणी जावळाचा. एका म्हातारीने नातवाच्या मोबाईलवरून बकरीचा पाठवला. भाऊंनी बकरीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका काढून दिला, तर म्हातारी काठी टेकत दारात आली. "हे माही बकरी नोहे." ठिपका परत लावून घेतला आणि मगच तिने पाच तारे दिले.

मला होसूरला हे त्यांच्या पानावर दिसलं. सकाळी पोळ्या लाटता लाटता पाहिलं, एकाखाली एक पाच तारे, आणि खाली आमच्याच बोलीत, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: भाऊ लय चांगले आहेत. भाऊ माह्या लग्नात रात्रभर जागले. भाऊनं माह्या बापाचा फोटो देला, पैसे नाही घेतले. एकही वाक्य खोटं नव्हतं. पण सगळे तारे घरचेच होते. मी फोन लावला.

"भाऊ, हे काय होऊन राहिलं?"

"बोहनी होऊन राहिली."

"थांबवा ना त्याईले. तुमीच त मले शिकवलं."

"दारात उभे हायेत ना वो. नियम सांगतला एकाले. तो म्हने, भाऊ, आमी का परके हावो?"

"मंग?"

"मंग काय. चहा ठेवला."

त्या आठवड्यातच खातं बंद झालं. साइटकडून तीन ओळी आल्या: अभिप्राय बनावट आहेत, खातं कायमचं बंद, निर्णय अंतिम. भाऊंनी आणि मी फोनवर मिळून अर्ज लिहिला, लहान लहान वाक्यांत. हे माझे शेजारी आहेत. ती खरी माणसं आहेत. त्यांनी खरंच काम करून घेतलं. उत्तरात त्याच तीन ओळी. दुसऱ्यांदा लिहिलं, बोहनी म्हणजे काय ते समजावून. त्याच तीन ओळी. ज्याला फोन करावा, ज्याच्या दारात जाऊन बसावं असा माणूसच तिकडे नाही. एवढ्या वर्षांचं काम, किती देशांतल्या किती मेलेल्या माणसांचे चेहरे, सगळं त्या पानावर होतं आणि ते पान उघडेनासं झालं. नवं खातं काढावं तर चेहरा तोच. मी म्हटलं, माझ्या खात्यावरून करा. भाऊ पहिल्यांदाच रागावले. "आन तुहं गेलं त? दोघंबी बसून राहू?"

भाऊंनी हे गावात कुणालाही सांगितलं नाही. त्यांच्या मायलाही नाही.

दिवाळीत गावी गेले तेव्हा ते अड्याळला एका दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देत होते. मला म्हणाले, पायाला बरं पडते, जाणंयेणं होते. तेवढ्यात आमच्या मोहल्ल्यातले एक काका आत आले, माझ्याकडे पाहून ओळखीचं हसले आणि भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "रंजू, याचा धंदा पार बसला होता बरं. आमी उभा केला. का भाऊ, चालते ना आता?"

"चालते ना काका," भाऊ म्हणाले. "तुमच्यानं त चालून राहिलं."

"मंग येथं कायले बसला?"

"मन लागत नाही घरी."

काका समाधानाने चहा पिऊन गेले. मी काही बोलणार तर भाऊंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "सांगू नोको. त्याईनं जन्मात एकदा कोनाचं भलं केलं असं त्याईले वाटून राहिलं. ते बी काढून घेऊ काय?"

परत होसूरला आले. थोड्याच दिवसांत मायचा फोन. "रंजू, पोरं म्हनते भाऊचं झालं, आता रंजूताईचं कराचं. रविवारी बसनार हायेत सारे विहारात. तुह्या दुकानाचं नाव सांग."

नको म्हणावं तर, आमी का परके? कारण सांगावं तर भाऊंचं सगळं उघडं पडतं, आणि त्या काकांचंही. आणि नाव सांगावं तर माझ्याकडे दुसरं आहे काय?

"माय," मी म्हटलं, "मी ते काम सोडलं."

"काहून वो?"

"चालत नव्हतं."

माय म्हणाली, "सांगतलं असतं त आमी आलो असतो ना."

दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला. गावात बातमी पोचली होती. "दुकान बंद केलं म्हनते तू. खरं का?"

"नाही."

पलीकडे दुकानातला आवाज येत होता, कुणीतरी जन्मतारीख सांगत होतं. "तुले बी खोटं बोला लागलं," भाऊ म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "हातात काय हाये?"

"लग्नाचा फोटो. पुरात भिजलेला. नवरीचा चेहरा पार गेलाय."

"तिच्या बहिनीचा फोटो हाये का, विचार. नाक तेथून मिळन. किती दिवस सांगतले?"

"पाच."

"बरं केलं."

मी बहिणीचा फोटो मागवला. नाक मिळालं. माय मात्र तेव्हापासून दर फोनला विचारते, काही काम भेटलं का वो. मी म्हणते, पाहून राहिली, माय.